खमिराची पुडी

दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीवरचं जेवण बाधलं म्हणून सासूबाईंना अंबाजोगाईला दवाखान्यात आणलं होतं. शेजारच्या खाटेवर त्याच जेवणानं मलूल झालेली एका पाववाल्याची लेक होती. सिस्टरनं तिच्या जुलाबावर औषधी खमिराची पुडी दिली. पाववाल्यानं ती पाण्यात कालवली, वाटी रुमालात गुंडाळून खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि वाट बघत डोळे मिटले.

"पाजा की आता," मी म्हणाले.

"निजलेलं खमीर कसं देऊ, ताई? फुगू द्या जरा."

"ही तुमची भट्टी नाही. पोटात जाऊन जागं होईल ते."

तो हसला. लेकीला पाजून तिच्या पोटावर अलगद हात ठेवून बसला. दुपारभर सगळा वॉर्ड पेंगत होता. उन्हं कलली तेव्हा ती पुटपुटली, "अब्बा, भूक लागली."

"ताई, काय देऊ ते सिस्टरला विचारता का?" तो कुजबुजला. "मी हात काढत न्हाई."