लाखेवरचं बोट

सरकारी शाळांच्या बाकांचं टेंडर निघालं, तेव्हा नमुन्याचा बाक बाबांनी स्वतः रंधा मारून तयार केला. गोव्यात, साखळी गावात असलेली आमची सुतारकामाची शेड त्या कामावरच तगणार होती. टेंडरच्या पाकिटावर त्यांनी लाख ओतली, शेडचा शिक्का उठवला आणि हात धुवायला गेले. शुभ कागदाला कुंकू लावायची आईची रीत. पण त्या दिवशी ती बाजूला बसलेली, म्हणून लांबूनच मला म्हणाली, "बाय, तूं लाय गो." मी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि टेकवलं, नेमकं लाखेवर. ती अजून मऊ होती. पाकीट पोस्टात द्यायलाही मीच गेले.

काम दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखानदाराला मिळालं. आम्हाला इंग्रजीत पत्र आलं, ते मीच वाचलं. शिक्का बिघडलेला, छेडछाडीचा संशय, म्हणून पाकीट उघडलेलंच नाही. मला तिथंच कळलं. बाबांना एवढंच सांगितलं, "शिक्का मोडलेला होता म्हणतायत."

"मोडलो तो तांणीच," बाबा म्हणाले. "हांव तांकां सोडचो ना. तू अर्ज लिही. इंग्लिशीत."

"मराठीत नको?"

"मराठीत दिल्यार म्हणतले कोंकणीत दी. कोंकणीत दिल्यार म्हणतले मराठीत. इंग्लिशीक कोण झगडना."

गोव्याचं राज्य नवं होतं, भाषेचा वाद ताजा होता, असले विनोद तेव्हा बसमध्येसुद्धा ऐकू यायचे. मला हसू आलं नाही. मी लिहिलं की पाकीट दिलं तेव्हा शिक्का शाबूत होता. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझं अक्षर कौतुकाने बघून त्यांनी खाली सही केली.

सुनावणीला त्यांनी मलाही पणजीला नेलं. साहेबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. लाखेत एक लहान, लाल बोट उमटलं होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले. जन्मभर डोळ्यांनी मापं घेतलेला माणूस. मी हात मांडीखाली घेतले.

"हें म्हजेंच बोट," ते साहेबांना म्हणाले. "म्हजी तक्रार ना."

घरी आईने विचारलं, तर म्हणाले, "तांचेंच बरोबर आशिल्लें."

शेड बंद झाली. बाबा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांच्या फळ्या बसवायला जाऊ लागले. नमुन्याचा बाक घरी राहिला, आणि बारावीचा अभ्यास मी त्याच्यावरच केला. बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला सांगता तरी आलं असतं.