सातव्या सिंफनीच्या दोन रेकॉर्डी

बायकोला माझं सगळं माहीत आहे. बीपीची गोळी मी कधी चुकवतो, डॉक्टरला काय थाप मारतो, कुणाच्या लग्नाला जायचं नसलं की माझा गुडघा कसा नेमका दुखायला लागतो — सगळं. हे मात्र तिलाही माहीत नाही. कुणालाच नाही. सहा वर्षं झाली, तोंडातून एक शब्द काढलेला नाही. आता तुम्हाला सांगतोय. का? कुणास ठाऊक! पण आधीच बजावतो — रडगाणं गाणार नाही. मन मोठं करा, समजून घ्या, असलंही काही म्हणणार नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर पान उलटा.

वाळूजच्या एका कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला मी एकोणतीस वर्षं काढली. गाव गंगापूरकडचं, घरी ऊस. आणि मला सिंफनी आवडते. हसलात ना? हसा. इथं सगळेच हसतात. माझा मेव्हणा तर दर दिवाळीला विचारतो, "दाजी, तुमच्या त्या बँडचा कंडक्टर तिकीट फाडतो का?" सत्तर-ऐंशी माणसं एकदम वाजवतात, पुढं एकजण काडी हलवत उभा असतो, आणि पाऊण तास अंगावरचा काटा जात नाही — हे ज्याला कळत नाही त्याला मी काय समजावू? ते प्रेम खोटं नव्हतं. बाकी पुष्कळ खोटं होतं, ते नव्हतं. त्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

तर आमची रविवारची बैठक. ज्योतीनगरात नानांच्या घरी, सकाळी दहाला. नाना म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. पैठणला धरणाच्या कॉलनीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या मागं लागून त्यांनी चारशेच्या वर रेकॉर्डी जमवलेल्या. बैठकीत आम्ही सहाजण. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई, एक दातांचे डॉक्टर, अशी मंडळी. सगळी पुस्तकं वाचलेली, इंग्रजीत बोलणारी. कंपनीतला, हाताला ऑईलचा वास येणारा मी एकटा. मला सुरुवातीला कुणी मत विचारायचं नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही हां. जे जसं झालं तसं सांगतोय.

बैठकीचा रिवाज असा — एकच सिंफनी, पण दोन वेगवेगळ्या वाद्यवृंदांनी वाजवलेली. कागदावर लिहिलेले सूर तेच. पण दोन घरची आमटी सारखी लागते का? तसंच हे. नाना खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर जुनी चादर टांगायचे आणि तिच्यामागं बसून रेकॉर्ड लावायचे. कव्हर कुणाला दिसू द्यायचं नाही. नाव वाचलं की माणूस नावालाच वाहवा करतो, असं त्यांचं म्हणणं. आधी पहिली, मग दुसरी. आम्ही चिठ्ठीवर लिहायचं — कुठली कुणाची, त्यातली सरस कुठली, आणि का. मग नाना चिठ्ठ्या वाचायचे आणि काय भांडणं व्हायची म्हणता! चहा गार होऊन साय धरायचा.

आणि माझी चिठ्ठी चुकायची नाही. कधीच नाही. बाई म्हणायच्या, सुधाकररावांचा कान म्हणजे देणगी आहे. डॉक्टर नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायचे ती 'आमचा कान' म्हणून.

कान! — आता इथं अडतंय बघा. थांबा, सांगतो. चादरीची एक कड उघडी राहायची, त्या बाजूच्या भिंतीला काचेच्या दारांचं कपाट होतं. खिडकीजवळच्या एका खुर्चीतून, आणि फक्त त्याच खुर्चीतून, त्या काचेत चादरीमागचं टेबल दिसायचं. नानांचा हात दिसायचा, हातातलं कव्हर दिसायचं. नाव वाचता यायचं नाही, पण रंग कळायचा. पिवळा, काळा, निळा. नानांचा सगळा संग्रह मला पाठ होता. रंग कळला की झालं! पहिल्यांदा दिसलं ते चुकून. पण पुढच्या रविवारी मी पावणेदहालाच पोचलो, ती खुर्ची धरायला. हे काही चुकून नव्हतं. चार वर्षं ती खुर्ची सोडली नाही मी. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना उठवलं तिथून. माझी पाठ दुसरीकडं अवघडते, म्हटलं.

इक्बालभाई बैठकीत सगळ्यांत शेवटी आला. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. नानांचं रेकॉर्डचं मशीन बिघडलं म्हणून आला होता. दुरुस्त झाल्यावर बघायला म्हणून एक रेकॉर्ड लावली आणि हा गडी हातात पेचकस घेऊन तसाच फरशीवर बसून राहिला. संपल्यावर म्हणाला, "नाना, ये क्या चीज है? परत लावा की!" नानांनी दुसऱ्या रविवारपासून त्याला बोलावलं. त्यानं संगीतावरचं एक पुस्तक वाचलेलं नव्हतं. चिठ्ठीवर दोनच ओळी लिहायचा. पण कधी कधी असं काही लिहून जायचा की नाना चष्मा काढून त्याच्याकडं बघत राहायचे. माझ्या चिठ्ठीला नानांनी चष्मा काढला नाही कधी. मला ते खुपायचं. लई खुपायचं.

त्या रविवारी सातवी सिंफनी होती. कुणाची, ते जाणकार ओळखतील, बाकीच्यांना नाव सांगून काय फरक पडणार आहे? तिचा दुसरा भाग, संथ, एका लयीत पावलं टाकत जाणारा. काचेत मला आधी काळं कव्हर दिसलं. मग पिवळं. काळं म्हणजे तो नावाजलेला म्हातारा कंडक्टर, पिवळं म्हणजे दुसराच कुणी, फारसं नाव नसलेला. संपलं माझं काम. मी ऐकलंच नाही म्हटलं तरी चालेल. चिठ्ठीत झकास लिहिलं — पहिला थकलाय, पाय ओढत चालतोय. दुसऱ्यात तेज आहे, जगण्याची ओढ आहे. नानांनी वाचलं, बाईंनी 'वा' म्हटलं.

मग इक्बालभाईची चिठ्ठी. नानांनी ती वाचली, थांबले, पुन्हा वाचली. शेवटी इक्बालभाईच बोलला, "नाना, ये दोनों एकीच हैं. दुसरी जरा तेज फिरतीय म्हणून सूर चढलेत. बाकी वाजवणारी माणसं तीच."

नानांनी चादर बाजूला करून दोन्ही कव्हरं दाखवली. दोन नावं, दोन देश. सगळे हसले. इक्बालभाईही हसला. तिथं मिटलं असतं ना? मिटवू दिलं नाही मी. म्हटलं, "इक्बालभाई, इथं मशीन नाय ऐकायचं, संगीत ऐकायचं असतं. तुला मोटारीचा न् पट्ट्याचा आवाज कळतो, त्याच्या पुढचं आमच्यावर सोड." एवढ्यावर थांबलो का? नाही. पंधरा मिनिटं बोललो. एकेक जागा काढून दोन्हींतला फरक दाखवला, शाळेत पोराला फळ्यापुढं उभं करून दाखवतात तसा. सगळे माना डोलवत होते. इक्बालभाईनं आपली चिठ्ठी टेबलावरून उचलली, घडी करून खिशात ठेवली, कपातला चहा संपवला. "हौ, असंल," म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दोन्ही रेकॉर्डी मी त्याच रविवारी नानांकडून मागून घरी आणल्या होत्या. कशाला? त्याचं तोंड कायमचं बंद करायला पक्का पुरावा हवा होता मला! सोमवारी दुपारी बायको बहिणीकडं गेलेली. लावल्या. दोन्ही मैफली लोकांपुढं झालेल्या. संथ भाग सुरू व्हायच्या ऐन आधी प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं. काळीत खोकलं. पिवळीत — तोच खोकला, जरासा बारीक. पुढं एका जागी खुर्ची करकरते. दोन्हींत करकरली, त्याच सुराला. माझ्या मशीनला वेग कमी-जास्त करायची कळ आहे. पिवळीचा वेग थोडा उतरवला आणि काय राहिलं? काळीच राहिली. एकच टेप दोन कंपन्यांनी दोन नावांनी विकलेली. तेज कुठलं आणि जगण्याची ओढ कुठली! लाज वाटली का म्हणता? वाटली ना. अर्धा तास वाटली. मग भीती वाटायला लागली, ती आजपर्यंत गेलेली नाही.

आता ऐका. काचेत बघणं हा पोरकटपणा म्हणून सोडून द्या हवं तर. इक्बालभाईला घालून पाडून बोललो, तेही एकवेळ तोंडाळपणा म्हणा. मला सांगायचंय ते पुढंच आहे. तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर नानांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "सुधाकर, माझ्या कानाला आता मशीन लागलंय, मला माझा भरवसा नाही. तुझ्याकडं दोन्ही आहेत. इक्बाल म्हणतो त्यात काही आहे का, नीट ऐकून सांग. तो खरा असला तर मी आत्ता त्याला फोन करतो. सगळ्यांच्या देखत त्याची माफी मागू." फोन त्यांच्या मांडीवर होता. चष्मा लावून नंबर काढून बसले होते ते.

मी म्हणालो, "ऐकल्या नाना. दोनदा ऐकल्या. वेगळ्या आहेत."

झालं. नानांनी फोन बाजूला ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. का नाही ठेवणार? आणि त्याच दिवशी घरी येऊन मी पिवळीवर सुई आडवी ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुन्हा कुणी लावून बघायला नको. हात सटकला, असं नानांना सांगितलं. 'असू दे रे, होतं' म्हणाले. रेकॉर्डीवरची धूळ मी लहान लेकराचं तोंड पुसावं तशी पुसतो, आणि हे केलं. कुणी करायला लावलं नव्हतं.

नाना गेल्या वर्षी गेले. रेकॉर्डी त्यांनी माझ्या नावानं सांगून ठेवल्या होत्या — ज्याला कान आहे त्याच्याकडं राहू देत, म्हणून. आता बैठक माझ्या घरी होते. मी घेतल्या रेकॉर्डी. परत करणार नाही. मन खातं म्हणून ऐकायचं सोडलंय असंही नाही. रोज ऐकतो.

गेल्या महिन्यात माझ्या मशीनचा पट्टा तुटला. दोन दुकानांत फिरलो, असली जुनी मशीनं आता कुणी हातात धरत नाही. शेवटी सिटी चौकाच्या मागं गेलो. इक्बालभाई तसाच, दाढी पांढरी झालेली. "आओ आओ सुधाकरभाऊ! कित्ते दिवसांनी!" स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. पट्टा बसवला. मग विचारलं, नाना कसे आहेत? मी सांगितलं, गेले. त्यानं पेचकस खाली ठेवला.

मग म्हणाला, "उस दिन के बाद मला वाटायचं, नाना एक फोन करतील. बाकी कुणी नाही तरी नाना एकदा परत ऐकून बघतील. सहा महिने रविवारी दुकान उघडलं नाही मी. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून घरी बसायचो. दहा वाजले की समजायचो, आज बी नाय."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. चहा समोर होता. एक वाक्य लागत होतं, एकच. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाना असेच होते रे. एकदा मनात धरलं की सोडायचे नाहीत."

त्यानं मान हलवली. "जाऊ दे. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं," म्हणाला.

तुम्ही म्हणाल, ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्याला. नाही जाणार. दुकान माहीत आहे, रस्ता माहीत आहे, पाय धडधाकट आहेत. तरी नाही जाणार. मी कसा आहे ते मला आता नीट कळलंय, आणि मी तसाच राहणार आहे. त्या दिवशी मशीन इक्बालभाईनं स्वतः उचलून रिक्षात ठेवलं, माझ्या मांडीवर नीट टेकवलं. म्हणाला, "नानांसारखं करू नका सुधाकरभाऊ. येत जा."

मी बरं म्हणालो.