वांगणीहून आणलेलं इंजिन

रॉकेलने धुतलेल्या लोखंडाचा वास आला की पालेगावच्या रोपवाटिकेतला आमचा छोटा, जुना ट्रॅक्टर आठवतो. त्याच्याच जिवावर मी पदवीपर्यंत शिकलो. त्याचं इंजिन जाम झालं, तेव्हा वडिलांनी वांगणीच्या एका वारलेल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन आणलं. ते बसवताना त्या शेतकऱ्याची बायकोही आली होती. नारळ फुटला, इंजिन धडधडलं, पण मध्येच ठोका चुकवू लागलं. "साईं, अभी ठीक करता," कॅम्प चारचा सिंधी मेस्त्री म्हणाला. "नको दादा," ती हळूच म्हणाली, "हा अडखळता आवाज बांधावर आला की मी चहा ठेवायची." वडिलांनी मेस्त्रीच्या हातातला पाना काढून घेतला. इंजिन शेवटपर्यंत तसंच चाललं. आता वडीलही नाहीत. पण संध्याकाळी कुठे एखादं इंजिन अडखळलं की मी फाटकाकडे बघतो. दोघांपैकी कोण येतंय, ते मात्र कळत नाही.