गोशेनला दोन वाजता

वेल्समधल्या बाला गावात माणसाला आडनाव चिकटत नाही, धंदा चिकटतो. आडनावं मोजून चार-पाच आणि अर्ध्या गावाची तीच, मग हाक मारायची कशी? म्हणून इद्वालला सगळे इद्वाल बस म्हणत आणि त्याच्या बायकोला टेग्वेन बस. लग्नाआधी ती तिकडे दक्षिणेत लँडायलोजवळच्या हेंद्रे शेतावरची, एनोखची टेग्वेन होती. पण हे विचारायची बालात कुणाला गरज पडली नाही. बेचाळीस वर्षं ती बसची बायको म्हणून मिरवली, आणि त्या बेचाळीस वर्षांत बसवाल्याने तिला कुठं फिरवून आणल्याचं कुणाला आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

लोकांना मात्र त्याने अख्खा वेल्स दाखवला. गावच्या बस कंपनीत आधी गाडी चालवली, मग दौरे आखले. लिव्हरपूलचे, बर्मिंगहॅमचे म्हातारे-म्हाताऱ्या सहा सहा दिवसांसाठी यायचे आणि इद्वालच्या वहीबरहुकूम किल्ले, धबधबे, लोकरीच्या गिरण्या बघून तृप्त होऊन परत जायचे. किल्ल्यात तो स्वतः कधी गेला नाही. "आत काय आहे? गवत, आणि तिकीट," असं म्हणायचा. बाहेर गाडी कुठं लावायची, संडास कुठल्या बाजूला, कुठल्या गल्लीत मेंढ्या आडव्या येतात, हे मात्र त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्याच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने असत. डावीकडे लोकांना सांगायची वेळ, उजवीकडे खरी वेळ. मध्ये अर्ध्या तासाचा फरक. तीनला गाडीपाशी या म्हणायचं आणि गाडी साडेतीनला हलवायची. तेवढ्यात कुणाची छत्री राहिलेली असते, कुणाचा नवरा हरवलेला असतो. या चोरून ठेवलेल्या अर्ध्या तासाच्या जिवावर इद्वालने चाळीस वर्षं कधी उशीर केला नाही. निरोप समारंभात मालकाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा टाळ्या पडल्या आणि टेग्वेन खाली मान घालून हसली.

हसली, कारण घरी हा माणूस कधी वेळेवर आला नव्हता. पोरीचं नाव ठेवायच्या दिवशी पाद्री ताटकळला होता. सासऱ्याला, एनोखला, मूठमाती द्यायला हे पोचले तेव्हा माणसं चहाला वळली होती. मग टेग्वेनने त्याचीच विद्या त्याच्यावर चालवली. दातांच्या डॉक्टरने तीनची वेळ दिली की ती घरी अडीच सांगायची. शाळेचा कार्यक्रम सहाला, तर साडेपाच. अशाने संसार बराच सुरळीत चालला. इद्वालला याचा पत्ता नाही, असं ती समजून होती.

मार्चमध्ये नेस्ताचा फोन आला. नेस्ता तिची लहानपणची मैत्रीण, अजून माहेरच्या गावातच राहणारी. तिथलं गोशेन चॅपेल, प्रार्थनेचं घर, बंद होणार होतं. माणसं उरली अकरा, छपराची दुरुस्ती न परवडणारी. व्हिटसनच्या, म्हणजे मे अखेरच्या सुट्टीच्या, सोमवारी दर वर्षी तिथं भजनांचा मेळा भरायचा. आजूबाजूची सगळी चॅपेलं एकत्र बसून चार आवाजांत गायची. तो मेळा या वर्षी शेवटचा.

"आणि पहिलं काय घेणार, सांग," नेस्ता म्हणाली.

"काय गं?"

"हेंद्रे! तुझ्या बाबांची चाल. बरोब्बर दोन वाजता, पहिलीच. तुझी जागा मी धरून ठेवते. माझ्या डावीकडे, तुझी नेहमीची."

एनोख शेतकरी होता आणि चॅपेलमध्ये सूर धरून देणारा होता. आयुष्यात त्याने एकच चाल बांधली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे तिला आपल्या शेताचं नाव दिलं. ती चाल कुठल्या पुस्तकात छापली गेली नाही. सुरांची अक्षरं हातानं लिहिलेले कागद होते, ते गोशेनच्या कपाटात. गोशेनबाहेर ती कुणी गायली नाही, आणि गोशेन बंद झाल्यावर कुणी गाणार नव्हतं. टेग्वेनने ती शेवटची म्हटली त्याला पस्तीस वर्षं झाली होती. दुसऱ्या आवाजाची ओळ तिला अजून पाठ होती; भांडी घासताना ती तीच गुणगुणायची, आणि एकटी गायली की ती ओळ अगदी अर्धवट वाटायची.

तिने त्याच संध्याकाळी इद्वालला सांगितलं. "सकाळी निघू, तीन तासांत पोचू. मेळा ऐकू, रात्री परत."

इद्वालने नकाशा टेबलावर पसरला. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत तेज आलेलं तिने पाहिलं.

"सरळ? सरळ कसं जायचं?" तो म्हणाला. "एवढं लांब जायचं आणि वाटेत काही बघायचं नाही? आणि सुट्टीचा सोमवार! रस्ताभर इंग्रजांच्या घरगाड्या."

"मला काही बघायचं नाहीये. मला गोशेनला जायचंय."

"जाऊच गं. पण चार दिवसांचं करू. तुला मी कधी कुठं नेलं नाही म्हणतेस ना?"

"मी कधी म्हटलं?"

"म्हणत नाहीस, पण चेहऱ्यावर असतं."

ते खरं होतं. तिला गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी शिकव म्हणाली होती, तर "एका घरात एक ड्रायव्हर पुरे" असं उत्तर मिळालं होतं. सुट्टीच्या सोमवारी तिकडे बसही नव्हती. बसवाल्याच्याच घरात राहून तिला हे ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

पुढचे दोन महिने जेवणाचं टेबल इद्वालने बळकावलं. शुक्रवारी हार्लेख आणि क्रिकिएथचे किल्ले. शनिवारी माखनथ्लेथचा घड्याळाचा मनोरा, मग अ‍ॅबरिस्टविथ. रविवारी समुद्राकाठानं कार्डिगन. सोमवारी सकाळी न्यूकॅसल एम्लिनचा पडका किल्ला, आणि मग गोशेन. तो पेन्सिलीनं लिही, खोडी, पुन्हा लिही. बशी ठेवायला जागा नसायची. दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवायची.

"गोशेन शेवटी का?" तिने एकदा विचारलं.

"चांगली गोष्ट शेवटी ठेवायची असते. चाळीस वर्षं हेच केलं."

"मग किल्ले कमी कर. मला किल्ल्यांचं काय करायचंय?"

"अगं, किल्ल्यांशिवाय दौरा म्हणजे मिठाशिवाय बटाटे."

"तू तरी कधी आत गेलायस?"

"आत जायची काय गरज आहे?" इद्वाल म्हणाला, आणि क्रिकिएथपुढे पाऊण तास मांडला.

वेळ सांगायची पाळी आली तेव्हा टेग्वेन जरा घुटमळली. सवयीनं दीड म्हणणार होती. पण चॅपेलच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हे एनोखने तिला बोलता यायला लागलं तेव्हापासून शिकवलेलं. आणि त्याच्याच चालीसाठी खोटं बोलायचं? तिच्या जिभेवर ते येईना.

"दोन," ती म्हणाली. "दोन म्हणजे दोन, इद्वाल. पहिलीच चाल बाबांची आहे."

"कळलं, कळलं," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं. पान त्याने हातानं झाकलेलं होतं, नेहमीच झाकायचा.

पहिले तीन दिवस दौरा घड्याळासारखा चालला, हे कबूल केलंच पाहिजे. पाऊससुद्धा इद्वालच्या वहीत बघून पडत होता. हार्लेखला त्याने गाडी अशी लावली की बसल्या जागेवरून किल्ला दिसावा. दोघांनी डब्यातली हॅमची सँडविचं खाल्ली, फ्लास्कमधला चहा प्यायला आणि किल्ला बघितला. "झालं," इद्वाल म्हणाला. अ‍ॅबरिस्टविथला समुद्रापाशी तो तिच्या हातात हात घालून चालला. लोक बघत होते. तिला वाटलं, आपण उगाच कुरकुर करत होतो. हे तिने त्याला सांगितलंही, आणि पुढे त्या सांगण्याचाच तिला सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला.

सोमवारी तिनं निळा कोट घातला, हॅट घातली. जुनं भजनांचं पुस्तक मांडीवर घेतलं. पावणेबाराला ते न्यूकॅसल एम्लिनहून निघाले. कार्मार्थेनच्या पुढे, हमरस्त्याला, ग्लेनिसचं खाण्याचं ठिकाण होतं. दौऱ्याच्या गाड्या तिथं थांबत, आणि गाडी भरून माणसं आणणाऱ्याला स्वयंपाकघराशेजारचं कोपऱ्यातलं टेबल मिळे. जेवण फुकट आणि वर मान. तिथं पाऊण वाजता पोचले.

"अरे, इद्वाल बस!" ग्लेनिस आतूनच ओरडली. "मेलास की काय असं वाटलं होतं! आणि गाडी रिकामीच?"

"आज एकच प्रवासी आणलाय. पण तो फार महागातला आहे."

सगळे हसले. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन ओळखीचे ड्रायव्हर होते. ते सरकून बसले, मटणाच्या रश्श्याचे वाडगे आले, आणि कुठला घाट बंद आहे, कोण निवृत्त झालं, कुणाची गाडी चिखलात रुतली, हे सुरू झालं. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत इद्वालला कुणी रस्ता विचारला नव्हता. आज एका तरुण ड्रायव्हरने विचारला आणि इद्वालने वाडगे, मीठदाणी आणि चमचे मांडून त्याला अख्खी दरी समजावली.

"सव्वा झाला," टेग्वेन म्हणाली.

"आहे वेळ."

"अर्धा तास तर लागतोच इथून."

"टेग, वेळेचं माझ्याकडे सोड."

दीडला ती उठून गाडीत जाऊन बसली. काचेतून तिला आत मीठदाणी इकडून तिकडे सरकताना दिसत होती. जाऊन त्याला कॉलर धरून उठवावं असं तिला वाटलं. पण चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, या वळणात वाढलेली बाई ती. गाडीतच बसून राहिली. आज विचारलं तर ती म्हणते, मी आत जाऊन रश्श्याचा वाडगा त्याच्या डोक्यावर पालथा घालायला हवा होता.

पावणेदोनला इद्वाल हसत हसत बाहेर आला. पुढे अरुंद रस्त्यावर एक घरगाडी चढावर अडकून पडली होती आणि तिच्यामागे अकरा मोटारी. इद्वाल स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. "अजून वेळ आहे," तो म्हणाला. टेग्वेनने मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी ती गोशेनच्या दारात उभी राहिली तेव्हा गाणं थांबलेलं होतं आणि पुढच्या भजनासाठी पानं उलटली जात होती. चॅपेल गच्च भरलेलं. एकच जागा रिकामी, नेस्ताच्या डावीकडची, तिच्यावर नेस्ताचा कोट. टेग्वेन तिथं जाऊन बसली. समोरच्या फळीवर एनोखच्या हातची सुरांची अक्षरं असलेला कागद होता. वापरून झालेला.

नेस्ताचे डोळे लाल झाले होते. ती कानाशी वाकली.

"शेवटचं कडवं पाच वेळा घेतलं गं," ती म्हणाली. इकडे रंग चढला की शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा घेतात. पण पाच वेळा कुणी घेत नाही. "मी पुढे जाऊन सांगितलं, एनोखची मुलगी वाटेत आहे. तर ते म्हणाले, अजून एकदा. मग अजून एकदा. सगळे दाराकडे बघून गात होते. लोकांचे आवाज बसले, तेव्हा थांबले."

पुढचे दोन तास सगळे गायले. टेग्वेनने पुस्तक उघडं धरलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या खोलीत चहा आणि केक झाला. तिथं बायका इद्वालभोवती जमल्या. चार दिवस! समुद्राकाठानं! आमच्याकडचे तर दुकानापर्यंत नेत नाहीत! इद्वाल सगळ्यांना मार्ग सांगत होता. वरातीमागून आलेल्या घोड्याचंच कौतुक चाललं होतं.

परतताना गाडीत त्याने वही तिच्या मांडीवर टाकली. "रयाडरला वळायचं कुठून ते बघ जरा." तिनं ते पान काढलं. तिथं वरती, सोमवारच्या खाली, त्याच्या सुबक अक्षरात दोन रकाने होते. गोशेन. डावीकडे: दोन. उजवीकडे: अडीच.

तिनं उजव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अडीच कुणी सांगितलं तुला?"

इद्वालने रस्त्यावरची नजर काढली नाही. "तू अर्धा तास आधीच सांगतेस ना."

"तुला माहीत होतं?"

"पोरीच्या शाळेपासून. मी मनात अर्धा तास मिळवतो. भांडण नाही, तंटा नाही. चाललंय की आपलं."

"मी म्हटलं होतं, दोन म्हणजे दोन."

"ते तू दर वेळी म्हणतेस, टेग."

"या वेळी खरं होतं."

"ते मला कसं कळणार?" इद्वाल म्हणाला. खोटेपणानं नाही, खरंच गोंधळून म्हणाला. तिला राग काढायला जागाच ठेवली नाही त्याने. टेग्वेनने वही मिटली आणि खिडकीकडे तोंड केलं. हेंद्रेच्या दुसऱ्या आवाजाची ओळ ओठांवर आली होती, ती तिने गिळली. त्यानंतर भांडी घासताना तिचं गुणगुणणं कुणी ऐकलं नाही.

येताना सुट्टीची गर्दी उलट्या बाजूला होती. वाटेत त्यांनी काही बघितलं नाही, कुठं थांबले नाहीत. घरी पोचले तेव्हा गावच्या तळ्यावर अजून उजेड होता. इद्वालने फाटकापाशी गाडी उभी केली, घड्याळात बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "सरळ आलं तर तीनच तास लागतात."