विशाखाबाईंच्या ओसरीतलं जाळं

चामोर्शीहून फोन आला तेव्हा मी बसस्थानकावर चहा घेत होतो. "आई गेली काका," एवढंच विशाखाबाईंची मुलगी प्रज्ञा बोलली... बाई आणि मी एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सुट्टीत गडचिरोलीच्या जंगलात कोळी शोधत फिरायचो.

मोठ्या कोळिणीच्या जाळ्याच्या कडेला चांदीच्या थेंबासारखे इवलेसे कोळी राहतात, तिच्या जाळ्यात अडकलेली चिलटं चोरून खातात. असा पहिला दिसला तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, हा तिचाच नर. या कोळिणींचे नर खरंच एवढुसे असतात, म्हणून मी बिनधास्त. आठवड्याने मला त्याच जाळ्यापाशी नेऊन बाईंनी बोट दाखवलं. माझ्या 'नरा'ने सुरईच्या आकाराची अंड्यांची पिशवी टांगली होती. "काय भाऊ, नर कधीपासून अंडे देऊन राह्यला?" पुढे स्टाफरूममध्येही त्या माझी अशीच फिरकी घेत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्याच ओसरीत, खांबापासून पेरूच्या फांदीपर्यंत, असं जाळं लागलं, चोरट्या पाहुण्यांसकट. या इवल्यांची जात पक्की करायला त्यांचा पूर्ण वाढलेला नर पाहावा लागतो. बाई त्याचीच वाट पाहत होत्या. दवाखान्यातून आल्यावर खाटही ओसरीतच टाकून घेतली. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "दिसला तं तुमाले फोन करीन. तोवर जाळ्याले कोनी हात नाई लावाचा."

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी वंदनेला माणसं यायची होती. दुःखाच्या घरी रिकाम्या हातांनी उभं राहवत नाही, म्हणून मी झाडू काठीला बांधून कोपरे झाडायला घेतले. हात थांबला तेव्हा जाळ्याचा गोळा झाडूला चिकटलेला होता. ज्याला ते जाळं कशासाठी राखलंय हे ठाऊक होतं, त्यानेच ते पाडलं. प्रज्ञा खांबाकडे पाहत राहिली. "झाडलं काय काका?" एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी झाडूची काडी न काडी उलगडून पाहिली... चांदीचं काही सापडलं नाही. स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

संध्याकाळी लोक पांगल्यावर बाईंचे यजमान गौतमभाऊ बादली घेऊन अंगणात निघाले. खांब आणि पेरूच्या मधे पोचताच त्यांनी मान खाली घातली, पाठ वाकवली आणि रिकाम्या जागेखालून पलीकडे गेले.

"भाऊ, जाळं नाही आता," मी कसंबसं म्हणालो. "माझ्याच हातून गेलं."

"मालूम हाय," ते म्हणाले, आणि बादली भरून परत येतानाही वाकले.