ठोकळ्यांवरची गोधडी

गुरुग्रामला आमच्या सोसायटीसमोर नव्या काँक्रीटवर ओलं गोणपाट अंथरलंय. त्या वासानं धावपट्टीच्या कामावरची जानेवारीतली एक सकाळ आठवली. रोज कामांची यादी करूनही ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे मी आदल्या संध्याकाळी उघड्यावरच विसरले होते. थंडीनं ते कच्चे राहिले असते, तर चाचणीत नापास झाले असते आणि त्याच काँक्रीटचा चांगला स्लॅबही फोडावा लागला असता. धावत पोचले, तर ठोकळ्यांवर प्रयोगशाळेतल्या सोलापूरच्या काकांची गोधडी! काका शेजारीच नुसत्या स्वेटरवर कुडकुडत चहा पीत होते. "काय मॅडम, यादीत सगळं लिहिलंत, थंडी तेवढी राहिली." अठ्ठाविसाव्या दिवशीच्या चाचणीत दाबाच्या यंत्राखाली ठोकळे टिकले. काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली, तरी थंडी पडली की माझ्या यादीत पहिली ओळ 'काकांना फोन' अशीच लिहिली जाते, आणि मग खोडावी लागते.