चाकाखालचं लिंबू

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. गॅस बंद केलाय का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. घरच्यांपैकी कोणी फोन उचलला नाही की मला थेट हॉस्पिटलचा कॉरिडॉर दिसायला लागतो. बायको म्हणते, "यांच्या डोक्यात कायम एक ॲम्ब्युलन्स चालू करून ठेवलेली असते." अशा माणसाला जुन्या सायकली दुरुस्त करायचा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. सुटी करून ठेवलेली सायकल ही जगातली सगळ्यात निर्धोक वस्तू. ती कुठे जात नाही आणि तिच्यावरून कोणी पडत नाही.

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या खांबामागे माझा हा संसार मांडलेला आहे. डिझेलमध्ये भिजत घातलेले चाकांतले छर्रे, ग्रीसचा डबा, गंज खरवडायचे ब्रश, सोनेरी रेघा ओढायला एक बारीक कुंचला. रविवारी सकाळी ठाणे, कल्याण, डोंबिवलीची आमची मंडळी जुन्या सायकली घेऊन जमतात, बहुतेक पन्नाशी उलटलेली. कोलशेतला खाडीच्या बाजूने एक फेरी, मग चहा, आणि चहापेक्षा जास्त वेळ एकमेकांच्या सायकलींची तपासणी. सगळ्यांचा देव एकच, ओरिजिनल. घंटी ओरिजिनल आहे का, मडगार्डवरची पट्टी ओरिजिनल आहे का. कोणी बाजारातली नवी मूठ बसवली तर ग्रुपवर आठवडाभर त्याची सालटी काढतात. फेरीत मी सगळ्यात मागे असतो, दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून. उतार आला की मी खाली उतरून चालतो. त्यावरून चिडवून चिडवून आता तेही दमलेत.

बाबांची सायकल माझ्याकडे आली ती नौपाड्यातली आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहत होते. ते आमच्याकडे डोंबिवलीला आले आणि जिन्याखाली कित्येक वर्षं पडून असलेली सायकल त्यांच्या कपाटाबरोबर टेम्पोतून आली. काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची. बाबांनी आख्खी नोकरी तिच्यावर काढली. रोज नौपाड्यातून कोलशेतच्या कारखान्यात आणि परत, पावसात एका हातात छत्री धरून. टेम्पोतून ती उतरवत होतो तेव्हा बाबा बाजूला उभे होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सीटवरची धूळ हाताने झटकली आणि म्हणाले, "नीट कर रे हिला. मी चालवणार आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या दिवशी जी भीती आली ती मग मुक्कामालाच राहिली. आमच्याच मजल्यावरचे एक काका बाथरूमच्या दारात घसरले होते. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग पलंग, मग पाठीला जखमा, आणि एका सकाळी त्यांच्या दाराबाहेर चपलाच चपला. ते तर नुसते उभ्याने पडले होते. बाबांची सायकलवर चढायची रीत म्हणजे डावा पाय पॅडलवर, उजव्या पायाने जमिनीला रेटे, आणि सायकल पळायला लागली की मागून टांग. उतरायचंही तसंच, चालत्या सायकलवरून. उभ्या सायकलवर बसणं त्यांना बायकी वाटायचं. मी ऑफिसात बसल्या बसल्या ते चित्र बघायचो. टांग वर जाते, कॅरिअरला अडकते, आणि समोरच्या गल्लीतून रिक्षा वळते. आमच्या रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक निम्मे उखडलेले आहेत. तेही मला चित्रात एकेक करून दिसायचे.

मला सायकल शिकवली बाबांनीच, आणि याच सायकलवर. दांड्याखालून पाय घालून मी पॅडल मारायचो आणि ते कॅरिअर धरून मागे पळायचे. "सोडू नका हं बाबा!" मी ओरडायचो. "धरलंय रे, पुढे बघ!" असं म्हणायचे, आणि हळूच सोडून द्यायचे. त्यांचा आवाज लांबून आला की मला कळायचं, आणि कळलं की मी पडायचो. गुडघे फुटून रडत आलो की म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. घाबरलास म्हणून पडलास." भीती ही काय चीज आहे हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. मला फार राग यायचा त्याचा.

आता ती सायकल नीट करणार नाही असं मी त्यांना सरळ सांगू शकलो असतो. पण बाबांना नाही म्हणायचीही मला भीतीच वाटते. म्हणून मी सायकल दुरुस्तीला घेतली आणि ती कधीच पूर्ण होणार नाही अशी व्यवस्था केली. आमच्या ग्रुपचा देव मला इथे पावला.

"बाबा, ब्रेकची रबरं मिळत नाहीयेत."

"कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात की."

"ती नाही चालत. ओरिजिनल हवीत."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ओरिजिनल? अरे, मी स्वतः किती वेळा बदलली असतील. सीट दुसरी आहे. पुढचं चाक कल्याणहून आणलेलं. घंटी तुझ्या आईने घेतली. ओरिजिनल म्हणशील तर हिच्यावर फक्त मी होतो."

तरी मी रेटून नेलं. रबरांनंतर सीटखालच्या स्प्रिंगा, स्प्रिंगांनंतर चेनकव्हर. मधल्या काळात मी दुसऱ्या सायकली आणल्या, उभ्या केल्या, रविवारी फिरवल्याही. बाबा संध्याकाळी खाली यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "किती राहिलं?" मी म्हणायचो, "थोडंच."

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो. खांबामागे बघितलं तर सायकल नाही. वर गेलो तर दाराला कुलूप, बायको तिच्या बहिणीकडे गेलेली. बाबांना फोन लावला, तो बंद दाराच्या आत वाजायला लागला. खाली वॉचमन म्हणाला, "आजोबा गेलेत ना सायकल घेऊन. तुम्हाला बोलले नाय?" त्या सायकलला ब्रेकची रबरंच नव्हती. ती काढून ठेवणारा मीच. मी ऑफिसच्या बुटांनी धावत सुटलो. नाक्यावर माणसांचा घोळका दिसला, मधे काहीतरी बघत उभा असलेला, आणि मी जागच्या जागी थांबलो. पुढे जाऊन बघायची हिंमत होईना. एक बाई बाजूला सरकल्या तेव्हा कळलं, उसाच्या रसाची गाडी आहे.

बाबा दोन दुकानं पलीकडे, पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसले होते. चाकात हवा भरणं चाललं होतं.

"चालवत आणलीत?" मी किंचाळलोच.

"हातात धरून आणली रे. ब्रेक कुठायत तिला? मी म्हातारा झालोय, येडा नाही झालो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पाणी पी आधी."

घरी येताना सायकल त्यांनीच हातात धरली होती आणि तिच्या दुसऱ्या बाजूने मी चालत होतो. ते ताठ चालत होते. आधाराला सीट मी धरली होती.

त्याच संध्याकाळी मी सायकलची चेन काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवली. बाबांना सांगितलं, चेन सैल झालीय, नवी मागवलीय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. चेन बायकोला सापडायला वेळ लागला नाही.

"तांदळामागे सायकलची चेन ठेवणारा माणूस मी आजच बघतेय," ती म्हणाली. "घाबरायचं तुम्ही आणि थांबायचं त्यांनी? त्यांच्याकडे थांबायला एवढा वेळ आहे का?"

"आणि पडले तर? तू बघणार आहेस?"

"मीच बघणार ना, दुसरं कोण? आणि मीच म्हणतेय, चालवू दे त्यांना."

मी चिडून खाली पार्किंगमध्ये निघून गेलो. चेन तिथेच राहिली.

पावसाळ्यात बाबांना ताप आला. साधाच होता, उतरलाही. पण अंथरुणातून उठले तेव्हा त्यांचा एक हात भिंतीवर होता आणि तो मग तिथेच राहिला. बेडरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत, भिंत चाचपत. मी काठी आणली, ती त्यांनी दाराआड उभी करून ठेवली. खाली येणं बंद झालं. खरं तर मी आता निवांत झोपायला हवं होतं. सायकलवर बसायचा प्रश्नच मिटला होता.

एकदा जेवताना माझ्या लक्षात आलं की बाबांनी कितीतरी दिवसांत "किती राहिलं?" विचारलेलं नाही. मी आपणहून म्हणालो, "सायकलचं थोडंच राहिलंय हं, बाबा."

"असू दे रे," ते ताटात बघत म्हणाले. "सावकाश कर. घाई नाही."

हा माणूस जन्मात कधी सावकाश कर म्हणाला नव्हता. आजवर मला त्यांच्या पडण्याची भीती वाटत आली होती. ही भीती वेगळी होती आणि हिला लपवायला तांदळाच्या डब्यामागे जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी चेन बाहेर काढली. कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी रबरं आणली, स्प्रिंगाही तिथल्याच. चाकाचा आऊट काढून ते सरळ फिरतं केलं, सीट जाईल तेवढी खाली घेतली. ग्रुपवर फोटो टाकला तर सगळे तुटून पडले, "डुप्लिकेट! डुप्लिकेट!" मी फोन पालथा ठेवला आणि कामाला लागलो. दसरा तोंडावर आला होता.

दसऱ्याला आमच्या पार्किंगमध्ये जत्रा असते. सगळ्यांच्या गाड्या धुऊन पुसून उभ्या, झेंडूच्या माळा, कुंकू, अगरबत्त्या. पूजा झाली की पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि त्यावरून गाडी न्यायची. कारखान्यात असताना बाबा दर दसऱ्याला हे करायचे. लिंबू फोडूनच गेटबाहेर पडायचं. बाबांना मी लिफ्टने खाली आणलं, माझा दंड धरून. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. बायकोने हँडलला कुंकू लावलं, माळ घातली. बाबांनी सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं आणि घंटी वाजवून बघितली.

मी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सायकल हाताने पुढे ढकलली. चाक वर चढलं आणि लिंबू बाजूला घरंगळलं, होतं तसंच. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. पलीकडे लोकांच्या गाड्यांखाली लिंबं फटाफट फुटत होती.

"वजन लागतं रे," बाबा म्हणाले. "रिकाम्या सायकलने लिंबू फुटत नाही. बसावं लागतं."

"मग बसा ना, बाबा."

हे मीच बोललो. बायकोने चमकून माझ्याकडे बघितलं.

बाबांनी दोन्ही मुठी धरल्या. डावा पाय उचलून पॅडलवर ठेवला, अगदी पूर्वीसारखा. आता उजव्या पायाचा रेटा येणार म्हणून मी दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. पाय पॅडलवर थरथरत होता. मग तो हळूहळू खाली आला.

"नको रे," ते म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल एवढंच. "भीती वाटते."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला काय सांगू नये, एवढं मला अनुभवाने माहीत आहे. मी म्हणालो, "मलाही वाटते, बाबा. आपण हळूच बसू. लिंबापुरतंच."

मी सायकल त्यांच्या बाजूला तिरकी केली. बायकोने त्यांचा पाय धरून दांड्यावरून पलीकडे घेतला. मग मी त्यांच्यासकट सायकल सरळ केली. ते इतके हलके झाले असतील असं मला वाटलं नव्हतं. एक हात मी हँडलवर ठेवला, दुसऱ्याने मागचं कॅरिअर घट्ट धरलं.

"पुढे बघा, बाबा."

"सोडू नकोस हं," ते म्हणाले.

ज्याला मी इतके दिवस भीत होतो ते आता कधीच होणार नव्हतं. ते टांग मारणार नव्हते, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा त्यांच्यासमोर येणार नव्हती. आणि त्यांनी एकदा, फक्त एकदा "सोड" म्हणावं म्हणून मी तेव्हा काय वाटेल ते दिलं असतं.

"धरलंय, बाबा."

मी सायकल पुढे लोटली. चाक लिंबावर चढलं, अडलं, आणि लिंबू फुटलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. मुठी आवळून धरून, मान जेवढी वळेल तेवढी वळवून ते मागे कॅरिअरकडे बघत होते, मी खरंच धरलंय का ते.